धोटा, आवृत्ती चार

हा प्रोग्रॅम माझा नव्हे.
भुजंग कडोलकर सरांनी लिहिला, वडगावच्या मागांसाठी,
साडीचा काठ चौकट चौकट भरून काढायला.
सर गेल्यावर पासवर्ड माझ्याकडे आला,
शेजाऱ्यांनी घर सोडलं की मांजर येतं तसा.

डेस्कटॉपची मोठी आवृत्ती आली,
खालच्या टूलकिटची तीनची चार झाली.
बांधणी चालवली. चारशे बारा चुका.
पहिलीच ओळ: ही पद्धत काढून टाकली आहे.
सहा वर्षं इशारा येत होता, पिवळ्या अक्षरांत.
मी पिवळं बघायची
आणि चालतंय की, म्हणून पुढं जायची.

रागावणार कुणावर?
तिकडं कुणी दोघंतिघं, नोकरी सांभाळून, रात्री जागून
हे घर पायापासून उपसतात.
जुनं आणि नवं दोन्ही किती दिवस सांभाळतील?
तरी जुनी लायब्ररी त्यांनी काढली नाही.
एका घरात दोन चुली,
जुनीला फक्त लाकूड आणायला कुणी जात नाही.

इराण्णा ढवळींनी नवा पडदा बघितला.
वरची मेनूची पट्टी गायब, कोपऱ्यात तीन रेघा.
"एल्लि होतु?"
कुठं गेलं, असं ते कन्नडात विचारत होते.
माझ्या मराठी कानाला 'होतं' ऐकू आलं.
दोन्ही खरंच होतं.

दीड महिना संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर हेच.
एक चूक मिटली की खालून सात वर यायच्या.
मग एके दिवशी मिटली की मिटलीच.
का, ते अजून कळलेलं नाही.

नव्या नियमावलीत बॉर्डर म्हणजे खिडकीची चौकट,
म्हणून मूळ इंग्रजीत मी बॉर्डरचं एज केलं.
तर अनुवादाच्या फायलीत दोन्ही भाषांवर
शिक्का पडला: संदिग्ध.
मराठीत होता 'काठ'.
कन्नडात होती 'दडी'.
(आपण दडी मारतो, त्यांच्या ती साडीला असते.)
शब्द पुसलेले नव्हते, बाजूला काढून ठेवलेले,
कुणी येऊन हो म्हणेपर्यंत.
मी दोन्ही शिक्के काढले.
अक्षर एक बदललं नाही.

एका फंक्शनच्या डोक्यावर सरांची टीप:
"इथे हात लावू नये. का ते विचारू नये."
लावला.
टीप तशीच ठेवली, टिपांना पोर्ट करावं लागत नाही.

मंगाईच्या जत्रेच्या आधी चालू झालं.
इराण्णांनी पत्त्या पाडल्या, मागावर चढवल्या,
चार बोटं विणलं आणि थांबले.
कोयऱ्या उलट्या तोंडाच्या.
आरसा मी भलत्या रेघेवर धरला होता.

"दुरुस्त करते, आज रात्रीच."
"कर की. खरं हे चार बोटं उसवत नाही मी."
बोटानं चाचपत होते ते,
पन्नास वर्षं एकीकडं बघणारी कोयरी
आता त्यांच्याकडं बघत होती.

रात्री एक उणे चिन्ह घातलं. चार पूर्णांक शून्य एक.
बदलांच्या यादीत लिहिलं: कोयरीचं तोंड सरळ केलं.
चार बोटांचं लिहिलं नाही.
खाली एक नवा पिवळा इशारा आला होता.
या वेळी वहीत उतरवून घेतला.