पेरूला गेलेला कोबी

आज एक कोबी विकला गेला.
जांभळा, मधोमध चिरलेला, पांढऱ्या पुठ्ठ्यावर.
कोणी घेतला, कशाला, ते सांगत नाहीत.
नकाशावर नुसता ठिपका उमटतो:
पेरू देशात गेला माझा कोबी
आणि माझ्या नावावर पडले दहा सेंट.

पेतेरच्या बाजारात तो एक युरो वीसला मिळाला होता.
असाच बारा-तेरा वेळा गेला की कोबी फिटेल,
मग पुठ्ठा, मग दिवा,
मग ती लेन्स, जिच्या पैशांचं आन्सिस
विचारत नाही, भाऊ आहे म्हणून,
पण जेवताना माझ्याकडे बघत नाही.

रात्री मी शब्द भरत बसतो.
एका फोटोला पन्नास लागतात.
कोबी, भाजी, ताजा, आहार, बाग, आरोग्य, हिवाळा,
बत्तिसाव्याला घोडं पेंड खातं.
मग मी लिहितो: भुलभुलैया.
लिहितो: मेंदू. नदीचा गाळ.
म्हातारीचा तळवा.
सकाळी उत्तर येतं: असंबद्ध शब्द, काढून टाका.

समुद्राचे नऊच्या नऊ परत आले.
लिएपायाच्या उत्तर धक्क्यावर, उणे चौदात,
मिशीवर बर्फ धरेपर्यंत उभा होतो मी.
कारण: असे आमच्याकडे भरपूर आहेत.
खरं आहे.
समुद्राकडेही भरपूर आहेत.

खालच्या मजल्यावर व्हेल्टा राहते.
साखर कारखान्यात वजनकाट्यावर होती,
कारखाना बंद पडेपर्यंत.
तिला एकदा खिडकीपाशी बसवून म्हटलं, हसा.
कशाला? असं विचारलं तिने
आणि स्वतःच्याच प्रश्नाला हसली.
तेवढ्यात मी बटण दाबलं.
कागदावर सही दिली तिने;
मोबदला: राईचा एक पाव, धुरावलेल्या माशांचा एक डबा.

तो फोटो चालला.
चालला म्हणजे चारशे बारा वेळा.
एका देशात ती गुडघ्याचं मलम झाली,
दुसऱ्यात कमी व्याजाचं कर्ज,
कुठेतरी तर दातांची कवळी,
आणि व्हेल्टाचे दात सगळे तिचे स्वतःचे,
अक्रोड फोडून दाखवते.

परवा ती दारात उभी.
हातात औषधाच्या दुकानाची पिशवी.
पिशवीवर ती, खिडकीपाशी, हसणारी,
आणि खाली: मोठ्यांचे लंगोट, आता अधिक शोषक.

मला वाटलं, रडेल. ओरडेल.
माझे किती? म्हणाली.
मी हिशेब उघडला. या पिशवीचे अडतीस सेंट.
अर्धे, म्हणाली.
आता कसं सांगू, की पन्नास डॉलर भरल्याशिवाय
ते पैसे सोडतच नाहीत,
आणि मी एक्केचाळिसावर अडकलोय ऑगस्टपासून.
तरी सांगितलं.
ती खुर्ची ओढून बसली. मग काढ आणखी एक.
हसा, म्हटलं.
नाही, म्हणाली. ते झालं विकून.

मांडीवर पिशवी,
पिशवीवर हसणारी, पिशवीमागे न हसणारी,
आणि दोघींच्या मधे ती जाड बोटं,
पोत्यांच्या दोरीने घट्टे पडलेली.
एवढ्या वर्षांत मी काढलेला हा एकच फोटो
ज्याला पन्नास शब्द भरताना
एकही शब्द सुचला नाही.
शेवटी लिहिलं: बाई, पिशवी, खिडकी.

तिसऱ्या दिवशी परत आला.
कारण: चित्रात दुसऱ्याच्या मालकीचं
चित्र दिसत आहे.

व्हेल्टाला हे बोललो नाही.
पाव कापला. एकोणीस सेंटचा तुकडा
किती जाड असतो, अंदाजाने धरला,
आणि जिना उतरलो.
तिने तो तळव्यावर तोलला,
डोळे मिटून, जसं काट्यावर तोलत असेल.

जास्त आहे, म्हणाली,
आणि एका बाजूने मोडून
कोपरा परत दिला.