अकरा लिटर

टेर्नशेरच्या खडकावर झाड नव्हतं.
माती होती ती आजोबांनी पिंपं भरभरून आणलेली,
बटाट्यांच्या चार ओळींपुरती.
वारा चढला की आई तिच्यावर जुनं शीड पांघरायची,
तापल्या पोराला पांघरावं तसं.

वरच्या खोलीत भिंग. माझ्याहून उंच,
पाऱ्याच्या परातीत तरंगणारं,
बोट लावलं तरी फिरणारं.
त्याच्या घड्याळाला दर चार तासांनी किल्ली:
एकशेदहा फेरे.
बाबा, आई, आस्लाक, मग मी.
आता ऐंशी उलटली, बोडोत चौथ्या मजल्यावर राहते,
तिकडे अंधार ओळखणारा काचेचा डोळा बसवलाय म्हणे,
तरी पहाटे दोनला माझा उजवा खांदा जागा होतो.

मेच्या सुरुवातीला दिवा विझायचा. नियमच तसा.
सूर्य मावळतच नाही तिथे
दिवेलागण कसली?
ऑगस्ट अर्धा होईपर्यंत बाबांना
आपल्या हातांचं काय करावं कळत नसे.
पितळ घासत. घासलेलं पुन्हा घासत.
भिंगाभोवती जाड पडदे ओढून ठेवत,
कारण बाहेर उजेड फेकणारं भिंग
ऊन आत घेतं तेव्हा आग लावतं.

जुलैच्या सोळाला आस्लाक
धाकटी होडी घेऊन टपाल आणायला गेला.
समुद्र ताटलीतल्या दुधासारखा.
धुकं नाही, वारा म्हणावा असा वारा नाही.
तीन दिवसांनी एक वल्हं आलं.

बाबांनी वहीत लिहिलं:
वारा वायव्य, मंद. दृश्यता उत्तम. होड्या: एक.
माणसांसाठी त्या वहीत रकाना नव्हता.

त्या रात्री (रात्र म्हणायची, घड्याळात बारा होते)
ते जिना चढले. मागोमाग मी.
पडदे सरकवले. काडी ओढली.
लख्ख उन्हात पेटलेला दिवा,
पाण्यात ओतलेलं पाणी.
मी म्हटलं, बाबा, कुणाला दिसणार नाही.
ते म्हणाले, किल्ली दे.

मी दिली. एकशेदहा.
भिंग फिरायच्या आधीच उन्हाचा एक ठिपका
त्यांच्या खांद्यावर येऊन थांबला होता.
लोकर जळल्याचा वास आला.
ते हलले नाहीत.

असे नऊ दिवस.
दहाव्या दिवशी आई वर आली, बोलली काहीच नाही,
एकेक पडदा ओढला,
त्यांच्या अंगातला स्वेटर काढून घेतला.
राखाडी लोकर संपली होती.
तिनं लाल धाग्यानं रफू केलं.

सप्टेंबरात होल्टे साहेब आले, दीपगृहांचे निरीक्षक.
रॉकेलच्या टाकीत पट्टी बुडवली,
पुसली, पुन्हा बुडवली.
अकरा लिटर कमी.
आई म्हणाली, सांडलं.
बाबा म्हणाले, जाळलं.
कधी?
जुलैत.
साहेबांनी चष्मा काढला.
जुलैत, एलिंग? कशासाठी?

बाबा टेबलावरच्या गाठीकडे बघत राहिले,
लाकडातल्या.
चुलीवर कॉफी उतू गेली, कुणी उठलं नाही.
मग साहेबांनी दौत पुढे ओढली
आणि लाल शाईत, सावकाश, लिहिलं:
अकरा लिटर. बाष्पीभवन.

दुसरा कप मागितला. मासळीच्या भावाबद्दल बोलले.
जाताना आईनं दिलेले चार बटाटे
कोटाच्या खिशात घातले, दोन इकडे, दोन तिकडे,
आणि तसे फुगलेले ते होडीत उतरले.

बाबांनी धक्क्यावरून दोर सोडला.
तोवर अंधारून आलं होतं. दिवेलागण झाली.
किल्लीची पाळी आस्लाकची होती.

मी गेले.