सतरावी जागा

हिशोब निघाला सोळा पूर्णांक दोन दशांश.
अपूर्णांक आला की वरच जायचं, खाली नाही,
म्हणून फ्राउक्येच्या नकाशावर मी लाल शाईनं लिहिलं:
सायकलींच्या जागा सतरा हव्यात.

ती फोनवर हसली.
"दोन दशांश सायकल म्हणजे काय असतं हो? घंटी?"
लेवार्डनच्या नगरपालिकेत अकरा वर्षं मोजतोय मी,
हे कुणी विचारलं नव्हतं.
साठ सेंटिमीटर शोधा, म्हटलं,
हँडलला हँडल न अडकता एक उभी राहील एवढं.

तिनं शोधलं. जिन्याखाली,
जिथे छत उतरत उतरत गुडघ्याला येतं.

तीन वर्षांनी तक्रार आली, मी टेप घेऊन गेलो.
सोळा जागांत तेवीस सायकली,
टोपल्या, बाळखुर्च्या, एकमेकींच्या आऱ्यांत घुसलेली पायडलं.
आणि सतरावीत सायकलच नाही.
तिथे स्टुलावर ओबे, तिसऱ्या मजल्यावरचे,
कंबरेनं ज्यांची सायकल सोडवली;
पुढ्यात पाण्याचं घमेलं, त्यात कुणाची तरी ट्यूब
बुडबुडे सोडत कबुली देते आहे.
रांगेत चार पोरं. सोल्युशनचा वास.

नियमात स्टुलाला रकाना नाही.
मी बराच वेळ टेप ओढत, सोडत राहिलो.
मग लिहिलं: सतरावी, वापरात.

निघालो तर ओबे मागोमाग बाहेर आले,
न विचारता माझ्या मागच्या चाकावर अंगठा दाबला
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जणू नियम मीच मोडलाय.