अर्ध्यावरची पावती

मंगळवारी बाराच्या फेरीबोटीनं
माझी पुस्तकांची गाडी बेटावर उतरते.
ऑर्कनीत झाडं फारशी नाहीत,
वाऱ्याला अडवणार कोण?
मागचं दार उघडलं की आधी तोच आत शिरतो,
सगळी पानं चाळतो
आणि काही न घेता निघून जातो.

मग येतो मॅग्नस रेंडल.
खेकडे धरतो. वय अठ्ठ्याहत्तर.
"उडणारी माणसं आलीत का नवीन?"
असं विचारतो, जशी कुणी
ताजी अंडी मागावीत.

प्रेमकथा नको, चरित्रं तर नकोतच.
महानायक हवेत, जाडजूड,
जगाचा भार उचलणारे.
परत आलेल्या प्रत्येक पुस्तकात
आमिषाच्या पावतीमागे त्याची शिफारस:

"भिंतीतून आरपार जाणारी बाई. चांगली आहे.
घरभाडं कशातून भरते, ते लेखकानं लपवलंय."

"याला अख्ख्या शहराच्या हाका ऐकू येतात.
झोपताना कानात कापूस घालतो. पटलं.
थोराला दे."

"झगा फार लांब. पहिल्या लाटेतच बुडेल."

थोरा पंधरा वर्षांची,
वाचते ते चालता चालता, कुंपणांना धडकत.
त्याच पावतीवर खाली पेन्सिलीनं लिहिते:
"बुडत नाही. पान २१२ बघा."
आणि बदल्यात देते
मेंढ्यांच्या डॉक्टरीणबाईची कादंबरी.
"कुणीही उडत नाही. तरी वाचा."

मॅग्नसचं उत्तर पंधरवड्यानं:
"एका कोकरासाठी चाळीस पानं!
कोकरू मात्र खरं आहे."

मी आपली टपालवाली.
दोघांच्या मध्ये नाक खुपसून
एकदा माझ्याही आवडीचं एक सुचवलं,
दोघांनीही न उघडता परत केलं.

ते थोराच्याच लक्षात आलं आधी.
"हे बघा," म्हणाली, आणि पुस्तकं आडवी धरली:
प्रत्येकाची अर्धी पानं खाऱ्या हवेनं फुगलेली,
उरलेली अर्धी करकरीत, दुकानातल्यासारखी.
एकही कधी शेवटापर्यंत गेलं नव्हतं.

मी त्याला विचारलं. विचारायला नको होतं.
तो गाडीच्या पायरीकडे बघत राहिला.
"पुढचं ठाऊक असतं गं.
तो येतो आणि सगळ्यांना वाचवतो."
मग बऱ्याच वेळानं,
"बचावाच्या होडीवर होतो मी.
दिव्याच्या झोतात पाच जण दिसत होते.
चार आणले."

मी कुणाला बोलले नाही.
पण एवढ्याशा बेटावर
न बोललेलंच आधी पोचतं.

पुढच्या मंगळवारी थोरानं
एक बारकं पुस्तक माझ्याकडे सरकवलं,
वर चिठ्ठी: "यात तो उशिरा पोचतो. पान १४०.
त्यानंतर अजून साठ पानं आहेत."

मॅग्नसनं चिठ्ठी वाचली, घडी केली,
पुस्तक कोटात घातलं,
अंडी ठेवावीत तसं, जपून.

दोन मंगळवार समुद्रानं फेरी सोडली नाही.
तिसऱ्याला मी आले, तो नव्हता.
चौथ्याला पुस्तक आलं.
पार शेवटापर्यंत फुगलेलं,
मुखपृष्ठ मिटेना, जणू आत कुणी बोट घालून ठेवलंय.
पावतीवर नेहमीपेक्षा वाकडं अक्षर:

"रात्री दोनला संपलं.
परत आल्यावर तो काय करतो,
ते बरोबर लिहिलंय. होडी धुतो.
थोराला विचार, दुसरा भाग आहे का."

नियमानं भिजलेलं पुस्तक बाद करायचं असतं.
मी ते हीटरवर वाळवलं,
आणि घरी नेलं.

सध्या पान नव्वदवर आहे.
शेवट मला ठाऊक आहे,
तरी कुणी सांगू नका.