कानस

थँक्सगिव्हिंगला चार दिवस उरलेले,
वेल्सबरोच्या रस्त्यावर गॅसचे दिवे दुपारीच लागलेले,
आणि मारलीस व्होगेल आत आली
रजईत गुंडाळलेली बंदूक घेऊन,
तापलेलं पोर दवाखान्यात आणावं तशी.

"चाप ओढला की नुसतं टक् होतं," म्हणाली.
"आजोबांची आहे. शनिवारी मला न्यायचीय."

रायफल १९१८ची, एडिस्टोनच्या कारखान्यातली.
अक्रोडाचा दस्ता, गालाच्या जागी गुळगुळीत.
सोबत दोन काडतुसं, न उडालेली.
भिंगाखाली धरली तर प्रायमरवर
पाखरानं चोच टेकवावी एवढाच खळगा.

ड्वेन, माझा मालक, दारातूनच म्हणाला : स्प्रिंग.
ड्वेनचं सगळ्यावर हेच निदान असतं,
आमच्या आत्याच्या लेखी
प्रत्येक दुखण्याचं मूळ पोटात असायचं तसं.

नळी रिकामी आहे ना ते पाहिलं,
मग करंगळी घालून पुन्हा पाहिलं.
बोल्ट काढला. आत ग्रीस.
ग्रीस कसलं, खरवस,
साठेक हिवाळ्यांचा थिजलेला, काकवीच्या रंगाचा.
रात्रभर केरोसिनमध्ये,
सकाळी दात घासायच्या ब्रशनं धुतला, पुसला,
तेलाचा एकच थेंब.
रिकाम्या पुंगळीत नवा प्रायमर बसवून चाप ओढला.
टक्.

स्प्रिंग बदलली. ड्वेन खूश.
टक्.
ड्वेन जेवायला गेला.

चेंबरला गेज लावले,
एकावर बोल्ट मिटला, दुसऱ्यावर अडला,
म्हणजे जसं हवं तसंच.
मग व्हर्नियर घेतला
आणि फायरिंग पिनचं टोक मोजलं.

अर्धा मिलिमीटर कमी.

झीज अशी होत नाही.
झीज बेशिस्त असते, एका अंगानं जास्त खाते.
हे टोक आधी सपाट घासलं होतं, मग पुन्हा गोलवलं होतं,
मग पॉलिश पेपरनं रेघा पुसल्या होत्या,
एक सोडून.
अंबरनाथला खानविलकर मास्तर सांगायचे,
कानस पुढे जाताना कापते, मागे येताना नुसती बडबडते.
अडाणी माणूस दोन्हीकडे दाबतो.
इथे दाब एकाच दिशेनं होता. घाई नव्हती.

बुधवारी ती आली तेव्हा विचारलं, आजोबा काय करायचे?
"डेअरीतली मशीनं दुरुस्त करायचे. कोरियाहून आल्यावर."
आणि शिकार?
ती हसली. "दर मोसमाला. पहाटे चारला उठून,
थर्मास, सँडविच, नारिंगी जाकीट.
एकोणचाळीस वर्षं, एक हरीण नाही.
काका जेवणाच्या टेबलावर नकला करायचे त्यांच्या.
ते म्हणायचे, जुनी बंदूक आहे, दगा देते."

मी पिन पांढऱ्या फडक्यावर ठेवली,
भिंग तिच्याकडे सरकवलं,
ती रेघ कुठे आहे ते खिळ्याच्या टोकानं दाखवलं.
एवढं समजावण्यापुरतं इंग्रजी मला येतं.
वापरलं नाही.

ती वाकून बघत राहिली.
बाहेर नगरपालिकेची गाडी
रस्त्यावर मीठ फेकत गेली.

नवी पिन ड्रॉवरमध्ये होती, अठरा डॉलर, दहा मिनिटांचं काम.
तसं सांगितलं.
"द्या," म्हणाली, "पाकिटात. बसवू नका."

मी जुनीच पिन परत घातली, बोल्ट सरकवला.
ही जात उघडताना नाही, मिटताना ताण घेते,
शेवटच्या बोटभर अंतरात हाताला कळतं.
रजई गुंडाळून ती दारापर्यंत गेली, थांबली.
"कुणी विचारलं तर?"
"स्प्रिंग," मी म्हटलं.

शनिवारी उजाडायच्या आधीच
डोंगराकडून बार ऐकू यायला लागले,
एक, मग लगेच दोन, मग बराच वेळ काही नाही.
मी चहा गाळत होतो. बोटांना अजून केरोसिनचा वास.
त्यांतला कुठला तिचा आणि कुठला नाही
हे स्वयंपाकघरातून ओळखता येत नाही.
पिन बसवायला दहा मिनिटं लागतात,
आणि पोरगी हाताची हुशार दिसत होती.