पंचवीसचा कट्टा

सिस्टर ऑगस्टीना मूळच्या वसईच्या.
केळीची वाडी, घराला खेटून विहीर,
आणि इथं आमच्या विडी घरकुलात
पाचव्या दिवशी नळ.
आल्या आल्या त्यांनी विचारलं होतं म्हणे,
"मधले चार दिवस काय करता?"
आई म्हणाली, "वाट बघतो. अजून काय."
पुढच्या पाळीला त्या सायकलला दोन कॅन बांधून
रांगेत माझ्या मागं उभ्या.

मी आठवीत. आईला खोकला.
डॉक्टर म्हणे टीबी, आई म्हणे तंबाखूची धूळ,
शेजारची राजव्वा म्हणे नजर.
सिस्टरनी वाद घातला नाही कुणाशी.
पहाटेची मिस्सा आटोपून यायच्या,
पिशवीतून गोळ्या काढायच्या,
आणि आईनं गिळल्यावर, "तोंड उघडा."
जीभ वर करून दाखवायची,
चाळिशीच्या बाईनं, पोरीसारखी.
आई तेलुगूत शिव्या द्यायची.
सिस्टर मराठीत म्हणायच्या, "उद्या येते."

बसल्या जागी हात रिकामे कसे ठेवायचे,
म्हणून सूप ओढून घेतलं एकदा.
पान कापणं जमलं, वळणं कधीच नाही.
एक बाजू फुगीर, दोरा सैल;
चेकरनं त्यांची अख्खी विडी छाटीत टाकली.
भरपाई द्यायला त्यांनी बटवा उघडला,
तशी आई खेकसली,
"तुमचं व्रत गरिबीचं ना? मग ठेवा ते."

लोक विचारतात, डोळे बारीक करून:
त्यांनी तुम्हाला येशू सांगितला का?
सांगितला असेल.
मला आठवतं ते गड्ड्यातलं:
माझ्यासाठी पाळण्याचं तिकीट काढून
त्या खाली उभ्या,
पाळणा वर गेला की डोळे गच्च मिटलेल्या.
आणि रेशनच्या दुकानदाराशी केलेलं भांडण.
आणि कपाळावर, जरा डावीकडं,
उन्हानं उठलेला तो चट्टा.

आता त्या मठाच्या मागच्या खोलीत असतात.
नावं गेली. वसई गेली. विहीर मात्र अधूनमधून येते,
"पोहरा वर घे गं," म्हणतात कुणालातरी.
आई दर गुरुवारी दोन रिक्षा बदलून जाते,
सत्तरीची, गुडघे धरून,
डब्यात दुधात कुस्करलेली भाकरी.
भरवते. गोळी देते. मग म्हणते,
"तोंड उघडा."
सिस्टर जीभ वर करून दाखवतात.
गेल्या गुरुवारी त्यांनी शिवी दिली तिला,
तेलुगूत. आमच्याच आळीतली.
आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

संध्याकाळी जपमाळ.
नमो मरिये, नमो मरिये; शब्द सगळे जागेवर,
फक्त मोजणी सुटते.
चौथ्या-पाचव्या मण्यावर बोटं थांबतात,
परत पहिल्यापासून.
मग आईनं माळ आपल्या हातात घेतली.
त्या म्हणतात, ही मोजते.
पन्नास वर्षं विडी वळून घट्टे पडलेल्या अंगठ्यानं
एकेक मणी मागं सारते,
आणि पंचवीस झाले की
सवयीनं चिमूट आवळते, दोरा बांधल्यासारखी.

नव्या सिस्टर ज्योत्स्ना दारातून म्हणाल्या,
"अम्मा, दहा-दहाचा असतो हो."
"आमच्यात पंचवीसचा," आई म्हणाली,
मान वर न करता.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
मला राहवलं नाही. परतताना रिक्षात सांगितलं:
मणी त्रेपन्न असतात अम्मा, मी मोजलेत.
दोन कट्टे होतात, वर तीन उरतात.

आईनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली.
अशोक चौक गेला, मागाची खडखड मागं पडली.
"उरतात कसले," ती म्हणाली,
"छाटीसाठी वर द्यावेच लागतात."