अकरावं बटण

टुर्कूमध्ये नदीच्या अलीकडे, सायकलवाल्याच्या मागच्या खोलीत
हेल्का वाद्यं दुरुस्त करते,
म्हणजे ज्यांना तार नाही, कातडं नाही, फुंकायला तोंड नाही
अशी वाद्यं.
नोव्हेंबर. दिवस चारलाच हात झटकून मोकळा.

ताइस्तो ओरास्मानं सिंथ आणला तो घोंगडीत गुंडाळून.
एकतीस वर्षं रात्रीच्या बोटीवर वाजलेला,
टुर्कू ते स्टॉकहोम, स्टॉकहोम ते टुर्कू,
कडेला सिगारेटचे चटके, ओळीनं, दात उगवल्यासारखे.
"बॅटरी बदल," म्हणाला, "बाकी कशाला हात लावू नकोस."
दारातून परत वळला.
"आतलं जाऊ देऊ नकोस."

आतलं म्हणजे चौसष्ट आवर्तनं,
एकेकात सोळा घरं.
बॅटरी निघाली की पाटी कोरी.
वायर लावून बाहेर काढावं म्हटलं
तर मिडीचं भोक खाऱ्या वाऱ्यानं केव्हाच गंजलेलं.

म्हणून हेल्का उतरवून घेते.
चौकटीची वही, पेन्सिल. चकती एक घर पुढे.
एक: खालचा ए, लांबी अर्धी, जोर नव्वद.
दोन: तोच, हलका.
तीन: सी.
चार: मागच्याला जोडलेला.
चकती एक घर पुढे.
वाण्याची यादी लिहावी तसं टँगो लिहिते आहे ती,
सुट्टा सूर येतो आणि उभा राहतो,
आपण कुठल्या गाण्यातले
हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

तिसऱ्या रात्री लक्षात आलं.
टँगो असो, हुम्पा असो,
वॉल्ट्झची बारा घरं असोत,
अकरावं घर रिकामं.
सगळीकडे.
तिनं एक आवर्तन फिरवून ऐकलं:
दहाव्यावर पाय उचलतो
आणि थेट बाराव्यावर टेकतो.
तबल्यात खालीला हात नुसता हवेत उघडतो ना,
तसं,
पण भलत्याच जागी.

कोण गेलं असेल याचं?
बायको? अकरा तारखेला? समुद्रात?
माणूस गेल्याशिवाय
एवढी शांतता इतकी वर्षं कोण सांभाळतं?
चौकटीत तिनं प्रश्नचिन्ह घातलं,
पुढच्या पानावरही.

मग स्क्रू काढले.
अकराव्या बटणाखाली
साल्मियाक्कीची दारू. वाळलेली, काळी, डिंकासारखी.
कुणीतरी नाचता नाचता पेला लवंडला असेल, इतकंच.
हेल्का एकटीच हसली, मोठ्यानं, आणि हसता हसता
कापसाचा बोळा, स्पिरिट, दोनदा, तीनदा,
टक्.
वाजलं बटण.
बाकी कशाला हात लावू नकोस
हे नंतर आठवलं.

नवी बॅटरी. कोरी पाटी.
घर दाबायचं, सूर दाबायचा, पुढचं घर,
वहीतून परत सगळं आत.
विसाव्या आवर्तनापर्यंत तिचंही बोट
दहावरून बारावर न बघता उडी मारायला लागलं.

गुरुवारी तो आला, अंगाला वाटाण्याच्या सूपचा वास.
तिनं सांगून टाकलं.
तो काही बोलला नाही. अकरावं दाबलं.
लाल दिवा लागला.
एक सूर ठेवला त्यानं तिथे, बरोबर बसणारा,
आणि चालू केलं.

गाणं नीट चालायला लागलं.
नव्या कवळीनं हसावं तसं.

दोन आवर्तनं ऐकली. तिसऱ्यात
बोट पुढे गेलं, दिवा विझला.
"बरं केलंस," म्हणाला,
"इतके दिवस बंद होतं. आता मी केलं बंद."
चाळीस युरो मोजले,
जुनी बॅटरीही मागून घेतली, कशाला कोण जाणे,
घोंगडी बांधली, गेला.

वही टेबलावर राहिली.
चौसष्ट पानं,
पहिल्या कित्येकांवर अकराव्या चौकटीत
तिनं घातलेलं प्रश्नचिन्ह.
खोडरबर जवळच होता.